आठवड्याचे पंधरा तास : बाल्टिमोरच्या शाळांतील ज्येष्ठ स्वयंसेवकांचे प्रकरण

स्वयंसेवा करणारी माणसे ती न करणाऱ्यांपेक्षा सरासरीने अधिक समाधानी, कमी उदास आणि कमी एकाकी आढळतात, याबद्दल अभ्यासकांमध्ये फारसे दुमत नाही. दुमत आहे ते कार्यकारणाबद्दल. ज्याचे मन मुळात उभारीत आहे, ज्याचे हातपाय चालतात आणि ज्याच्या ओळखीपाळखी टिकून आहेत, तोच घराबाहेर पडून कोणाच्या तरी उपयोगी पडण्याची शक्यता अधिक असते. मग त्याच्या प्रसन्नतेचे श्रेय स्वयंसेवेला द्यायचे, की मूळच्या प्रसन्नतेमुळेच तो स्वयंसेवेकडे वळला असे म्हणायचे? पेगी थॉइट्स आणि लिंडी ह्युइट या समाजशास्त्रज्ञांनी अमेरिकेतील त्याच त्या व्यक्तींकडून काही वर्षांच्या अंतराने दोनदा घेतलेली माहिती तपासून २००१ मध्ये दाखवून दिले की दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत : सुस्थितीतील माणसे स्वयंसेवेला अधिक तास देतात, आणि दिलेले तास पुढे त्यांच्या सुस्थितीत भरही घालतात. पण दोन्ही धागे असे एकमेकांत गुंतलेले असताना नुसत्या पाहणीतून ते वेगळे काढणे अवघड जाते.

प्रश्नाची दुसरी गाठ तासांची आहे. वर्षातून एकदा रक्तदान शिबिरात टेबल मांडणे आणि आठवड्यातून तीन-चार दिवस एकाच ठिकाणी, एकाच मुलासमोर बसणे, या दोन्हींना आपण स्वयंसेवाच म्हणतो. मनावर होणारा परिणाम मात्र दोन्हींचा सारखा असेल असे गृहीत धरता येत नाही. या दोन्ही गाठी एकाच ठिकाणी सोडवण्याचा गंभीर प्रयत्न अमेरिकेतील मेरिलँड राज्यातल्या बाल्टिमोर शहरात झाला. ‘एक्स्पीरियन्स कोअर’ या नावाच्या त्या उपक्रमात साठीच्या पुढचे स्त्री-पुरुष सरकारी प्राथमिक शाळांत आठवड्याला किमान १५ तास काम करत, आणि या १५ तासांचा त्यांच्यावर काय परिणाम होतो याची अनेक वर्षे शास्त्रीय पद्धतीने नोंद ठेवली गेली. प्रस्तुत प्रकरण त्याच उपक्रमाचे आहे.

शहर आणि कल्पना

बाल्टिमोर हे पोलाद, जहाजबांधणी आणि बंदर यांवर वाढलेले शहर. १९५० मध्ये त्याची लोकसंख्या साडेनऊ लाखांच्या आसपास होती. २०१० पर्यंत ती सुमारे सहा लाख वीस हजारांवर आली होती. कारखान्यांतली कामे आटली, ज्यांना शक्य होते ते उपनगरांत गेले, आणि मागे राहिलेल्या, प्रामुख्याने आफ्रिकी-अमेरिकी वस्त्यांत दोन गरजा शेजारी शेजारी उभ्या राहिल्या. एकीकडे शाळांत वाचनात मागे पडलेली मुले होती आणि वर्गातल्या एकट्या शिक्षकाला प्रत्येकाकडे पाहणे शक्य नव्हते. दुसरीकडे त्याच गल्ल्यांत आयुष्यभर काम केलेली, मुले-नातवंडे वाढवलेली वयस्क माणसे होती, ज्यांच्या अनुभवाची आता कोणाला नड उरली नव्हती.

या दोन्हींना जोडण्याची कल्पना जॉन गार्डनर यांची. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांच्या मंत्रिमंडळात आरोग्य, शिक्षण आणि कल्याण खाते सांभाळलेल्या गार्डनर यांनी १९८८ मध्ये, स्वतःची पंचाहत्तरी उलटल्यानंतर, ज्येष्ठांच्या अशा दलाचा प्रस्ताव लिहिला. त्याला प्रत्यक्ष रूप दिले ते मार्क फ्रीडमन या सामाजिक उद्योजकाने आणि जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील वार्धक्यवैद्यक लिंडा फ्रीड यांनी. १९९०च्या दशकाच्या मध्यावर पाच शहरांत प्राथमिक प्रयोग झाले आणि त्यानंतर बाल्टिमोरमधील काम सुरू झाले.

फ्रीड यांचा या प्रकरणातील वाटा समजून घेणे महत्त्वाचे आहे. म्हातारपणातील दौर्बल्य नेमके कशाला म्हणायचे, याचे वैद्यकीय निकष ठरवणाऱ्यांत त्यांचे नाव अग्रभागी आहे. म्हणजे त्या भाबड्या आशावादातून या कामात आलेल्या नव्हत्या. आपल्याकडे येणाऱ्या अनेक वृद्ध रुग्णांना औषधापेक्षाही सकाळी उठण्यासाठी काही कारण हवे आहे, हे त्यांच्या ध्यानात आले होते. ते कारण चिठ्ठीवर लिहून देता येत नाही. चालण्याचा व्यायाम करा, लोकांत मिसळा, डोक्याला चालना द्या, असे डॉक्टरांनी कितीही सांगितले तरी बहुतेक जण चार दिवसांत ते सोडून देतात, कारण त्या सगळ्याचा हेतू स्वतःची प्रकृती एवढाच असतो. मात्र एखादे मूल शाळेत आपली वाट पाहत आहे म्हटल्यावर माणूस चालतो, मिसळतो, डोके लढवतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जातो. या उपक्रमाची सगळी मांडणी याच निरीक्षणावर उभी आहे. त्यात येणाऱ्यांना तुमच्या आरोग्यासाठी या असे सांगून नव्हे, तर मुलांना तुमची गरज आहे असे सांगून बोलावले गेले, आणि ते खरेही होते.

तासांची बांधणी

या प्रकरणातली माझ्या मते सर्वांत शिकण्यासारखी बाजू म्हणजे वेळेची मांडणी. आठवड्याला किमान १५ तास, तेही संपूर्ण शालेय वर्षभर, ही अट मुद्दाम घातलेली होती. आठवड्यातून तासभर येऊन जाणाऱ्या पाहुण्याला शाळा आपले मानत नाही आणि मूलही त्याचे नाव लक्षात ठेवत नाही. शाळेच्या दृष्टीने उपयोग व्हायचा तर माणूस ठरल्या दिवशी, ठरल्या वेळी हजर हवा. आणि माणसाच्या दृष्टीने परिणाम व्हायचा तर हालचाल, विचार आणि सहवास या तिन्हींची मात्रा पुरेशी हवी, औषधाची असते तशीच. १५ तासांचा आकडा या दोन्ही गरजांच्या मिलाफातून आला.

काम सुरू करण्यापूर्वी सुमारे ३० तासांचे प्रशिक्षण होते. त्यानंतर स्वयंसेवक बालवर्गापासून तिसरीपर्यंतच्या वर्गांत जात. कामे मुख्याध्यापकांशी बोलून, त्यांच्या शाळेत नेमके काय अडले आहे हे पाहून ठरवलेली होती. त्यांत मुलाला शेजारी बसवून वाचून घेणे होते, गणिताला मदत होती, मुलांमधली भांडणे शब्दांनी सोडवायला शिकवणे होते आणि शाळेचे ग्रंथालय चालवणेही होते.

ग्रंथालयाचे काम जरा जवळून पाहण्यासारखे आहे. पैशाअभावी अनेक शाळांत ग्रंथपालच नव्हते. खोली होती, कपाटे होती, पुस्तकेही होती, पण दाराला कुलूप. स्वयंसेवकांनी पुस्तके लावली, वर्गांच्या वेळा ठरवल्या आणि मुलांना आत घेतले. आता सात वर्षांचा मुलगा समोर उभा आहे आणि त्याला पुस्तक हवे आहे. त्याला कितपत वाचता येते, मागच्या वेळी त्याने काय नेले होते, ते त्याने पूर्ण वाचले की मध्येच टाकले, त्याला प्राणी आवडतात की गाड्या, हे सारे आठवून, कपाटाच्या वरच्या-खालच्या फळ्यांवर नजर फिरवून एक पुस्तक काढायचे, तो वाचू लागला की अडेल तेथे घाई न करता थांबायचे आणि मागे उभ्या असलेल्या दुसऱ्या मुलालाही नाराज होऊ द्यायचे नाही. स्मरणशक्ती, निवड, लवचीकता आणि संयम यांना एकाच वेळी कामाला लावणारी ही कृती आहे. ही कामे मेंदूला असे बहुविध काम देतील, हे आखणी करणाऱ्यांनी विचारपूर्वक पाहिले होते. करणाऱ्याला मात्र आपण एका मुलाला पुस्तक देत आहोत एवढेच जाणवत असे.

दुसरी गोष्ट म्हणजे कोणालाही शाळेत एकटे पाठवले गेले नाही. प्रत्येक शाळेत स्वयंसेवकांचा पुरेसा मोठा गट असे, त्यांच्या एकत्र बैठका होत, अडचणी तेथे मांडल्या जात. एखादी स्वयंसेविका आजारी पडली तर तिच्या अनुपस्थितीची दखल घेणारे कोणी तरी होते. जोडीदार गेल्यावर किंवा नोकरी संपल्यावर माणसाचा गोतावळा कसा झपाट्याने कमी होतो, हे ज्यांनी घरात पाहिले आहे त्यांना या बैठकांचे मोल वेगळे सांगावे लागणार नाही.

तिसरी गोष्ट पैशाची, आणि तिच्याकडे आपल्या सेवाभावी संस्थांनी विशेष लक्ष द्यावे असे मला वाटते. येथे स्वयंसेवकांना प्रवास, जेवण अशा खर्चापोटी दरमहा माफक रक्कम दिली जात असे. सेवा करायची तर पदरमोड करूनच, असा आपला एक संस्कार आहे. त्यामागची भावना उदात्त असली तरी त्याचा परिणाम असा होतो की स्वयंसेवा हे खाऊनपिऊन सुखी असलेल्यांचेच क्षेत्र राहते. बाल्टिमोरमधील १९९९-२००० सालच्या प्राथमिक चाचणीत १२८ जण होते, वय ६० ते ८६, त्यांतले ९५ टक्के आफ्रिकी-अमेरिकी, आणि बहुसंख्यांचे वार्षिक उत्पन्न अगदी तुटपुंजे होते. बसभाड्याची चिंता मिटली नसती तर यांतले कितीतरी जण शाळेपर्यंत पोहोचलेच नसते, आणि स्वयंसेवेचा लाभ त्यांच्यापर्यंत.

मोजमाप

त्या प्राथमिक चाचणीत सहभागी होऊ इच्छिणाऱ्यांची दोन गटांत विभागणी केली गेली ती त्यांच्या निवडीने नव्हे, तर चिठ्ठ्या टाकाव्यात तशी. एका गटाने शाळेत काम केले, दुसरा प्रतीक्षायादीत राहिला. स्वयंसेवेविषयीच्या बहुतेक संशोधनात नेमकी हीच पायरी नसते. दोन्ही गटांतील माणसांना शाळेत जायचेच होते. दोन्हींची मूळ उमेद सारखी होती. म्हणून पुढे जो फरक दिसेल तो उमेदीचा नव्हे, कामाचा असे म्हणायला आधार मिळाला. ४ ते ८ महिन्यांनी पाहता शाळेत गेलेल्यांची शारीरिक हालचाल आणि ताकद वाढली होती, डोक्याला चालना देणारी कामे वाढली होती, आणि दुसऱ्या गटाच्या तुलनेत त्यांचा चालण्याचा वेगही कमी प्रमाणात घटला होता. भावनिक स्वास्थ्याच्या दृष्टीने सर्वांत बोलका निष्कर्ष वेगळाच होता : अडीअडचणीला ज्यांच्याकडे जाता येईल अशा माणसांची संख्या शाळेत गेलेल्यांच्या आयुष्यात वाढली होती. साठी-सत्तरीनंतर ही संख्या सहसा घटतच जाते.

मुलांच्या बाजूने झालेला फायदाही नोंदवला पाहिजे, कारण तो नसता तर ज्येष्ठांचे समाधान पोकळ ठरले असते. जॉर्ज रीबॉक आणि सहकाऱ्यांनी सहा शाळांची तुलना केली. उपक्रम असलेल्या शाळांत तिसरीच्या मुलांचे वाचनाचे गुण अधिक आले, आणि गैरवर्तनामुळे मुख्याध्यापकांच्या खोलीत पाठवल्या जाणाऱ्या मुलांचे प्रमाण सुमारे निम्म्यावर आले.

या आधारावर २००६ पासून मोठी चाचणी झाली. अमेरिकेच्या राष्ट्रीय वार्धक्य संस्थेच्या निधीतून चाललेल्या या चाचणीत ७०२ जण होते : ३५२ शाळांत गेले आणि ३५० तुलनेच्या गटात राहिले. प्रत्येकाचा दोन वर्षे मागोवा घेतला गेला. तुलनेच्या गटाला रिकामे ठेवले नव्हते. शहराच्या ज्येष्ठ नागरिक विभागामार्फत त्यांना इतर, कमी वेळेच्या स्वयंसेवेच्या संधी कळवल्या गेल्या होत्या. म्हणजे तुलना ‘सेवा विरुद्ध काहीच नाही’ अशी नव्हती. ‘बांधीव, भरपूर तासांची सेवा विरुद्ध सैल, थोड्या तासांची सेवा किंवा तीही नाही’ अशी होती. त्यामुळे आढळलेला फरक लहान दिसला तरी त्याचे वजन अधिक मानावे लागते.

भावनिक बाजूचा यातला मुख्य अभ्यास तारा ग्रूनवाल्ड आणि सहकाऱ्यांचा. त्यांनी मोजलेली गोष्ट ‘आज तुम्ही आनंदी आहात का’ या प्रश्नापेक्षा खोल होती. मानसशास्त्रज्ञ एरिक एरिक्सन यांनी माणसाच्या विकासाचे जे टप्पे मांडले, त्यांतील उत्तरार्धाचा एक महत्त्वाचा टप्पा म्हणजे पुढच्या पिढीसाठी काही करण्याची ओढ आणि आपण ते केले आहे ही भावना. ती ओढ तृप्त झाली नाही तर माणसाला साचलेपण जाणवते. ग्रूनवाल्ड यांनी ओढ आणि कृतार्थता या दोन्ही बाजू स्वतंत्रपणे तपासल्या, आणि दोन वर्षांच्या काळात शाळेत गेलेल्यांमध्ये दोन्हींची पातळी तुलनेच्या गटापेक्षा वरची राहिली. आणखी महत्त्वाचे म्हणजे ज्यांचे तास अधिक भरले त्यांच्यात हा परिणाम अधिक ठळक होता. मला स्वतःला यातील ओढ वाढण्याचा निष्कर्ष फार मोलाचा वाटतो. वयानुसार आपल्या इच्छा आटत जातात असे आपण धरून चालतो; येथे साठीपुढच्या माणसांना अधिक काही करावेसे वाटू लागले.

उदासीनतेबद्दल काय? वॉशिंग्टन विद्यापीठ, सेंट लुइस येथील संशोधकांनी २०१० मध्ये अनेक शहरांतील एक्स्पीरियन्स कोअरच्या स्वयंसेवकांची, राष्ट्रीय पाहणीतून निवडलेल्या त्यांच्याशी मिळत्याजुळत्या ज्येष्ठांशी तुलना केली. दोन वर्षांनंतर स्वयंसेवकांमध्ये उदासीनतेची लक्षणे आणि दैनंदिन हालचालींतील मर्यादा कमी आढळल्या. हा पुरावा चिठ्ठ्या टाकून पाडलेल्या गटांचा नाही, त्यामुळे त्याचे बळ थोडे कमी, हे मान्य केले पाहिजे. २०१३ मध्ये ब्रिटिश संशोधकांनी स्वयंसेवेवरील उपलब्ध अभ्यास एकत्र तपासले तेव्हाही हेच चित्र निघाले होते : वर्षानुवर्षांच्या मागोव्यात उदासीनता आणि जीवनसमाधान यांवर चांगला परिणाम दिसतो, पण काटेकोर चाचण्यांतून तो पुरेसा सिद्ध होत नाही. म्हणून बाल्टिमोरच्या प्रकरणावरून ‘स्वयंसेवा नैराश्य बरे करते’ असे विधान कोणी करू नये. नैराश्याचा आजार असलेल्याला उपचार लागतात. या प्रकरणातून निघणारे विधान वेगळे आणि अधिक नेमके आहे : आपण उपयोगी आहोत, आपल्यामागे काही तरी उरते आहे, ही भावना योग्य रीतीने बांधलेल्या तासांमुळे वाढते आणि टिकते.

मेंदूच्या प्रतिमा घेऊन केलेल्या मिशेल कार्लसन यांच्या उपअभ्यासाचा उल्लेख या उपक्रमासंदर्भात नेहमी होतो. त्यात १११ जण होते. दोन वर्षांनी विशेषतः पुरुषांमध्ये मेंदूच्या काही भागांचे आकारमान टिकून राहिल्याचे वा किंचित वाढल्याचे दिसले. निष्कर्ष लक्षवेधी आहे, पण गट लहान आहे आणि आपला विषय भावनांचा असल्याने त्यावर येथे अधिक रेंगाळत नाही.

ताणाची बाजू

स्वयंसेवेवरील लिखाणात बहुधा गाळला जाणारा भाग म्हणजे तिचा त्रास. बाल्टिमोरमधील स्वयंसेवकांशी संशोधकांनी गटागटाने बोलून हा भाग नोंदवला, हे या प्रकरणाचे मोठेपण आहे. मुलांची उर्मट वागणूक, वर्गातला गोंगाट, एखाद्या शिक्षकाशी न जुळणे, आपल्याकडून शाळेला नेमके काय हवे आहे हे स्पष्ट नसणे, सोबतच्या स्वयंसेवकांशी खटके, अशा तक्रारी त्यांनी मोकळेपणाने सांगितल्या. पण सर्वांत जड तक्रार शाळेबाहेरची होती. मुलाच्या घरची परिस्थिती कळते, त्याच्या वागण्यामागचे कारण समजते, आणि आपल्याला त्यात काहीही करता येत नाही. जी व्यक्ती आठवड्याला १५ तास त्याच मुलांसोबत असते तिला हे कळणारच. तासभर येऊन जाणाऱ्याला ते कळत नाही.

म्हणजे तास वाढले की जिव्हाळा वाढतो, आणि जिव्हाळ्याबरोबर त्याची वेदनाही येते. तरीही हीच माणसे सांगत होती की मिळणारे समाधान या ताणापेक्षा मोठे आहे. एखाद्या मुलाला वाचता येऊ लागलेले डोळ्यांसमोर दिसणे, रस्त्यात मुलाने ओळख देणे, गटातल्या मैत्रिणी मिळणे आणि स्वतःविषयीचा आदर वाढणे, हे त्यांनी नोंदवलेले समाधान. येथे भावनिक स्वास्थ्याची आपली कल्पनाच थोडी तपासून घ्यावी लागते. ताण नसणे म्हणजे स्वास्थ्य, असे मानले तर घरी आरामखुर्चीत बसलेला माणूस अधिक सुस्थितीत ठरेल. या स्वयंसेवकांच्या आयुष्यात ताणाची भर पडली होती, आणि तरी ते आधीपेक्षा बरे होते. कारण तो ताण अर्थपूर्ण होता, त्याला वाट करून द्यायला गटाची बैठक होती, आणि त्याच्या बदल्यात समोर काही घडत होते. यांपैकी बैठक काढून टाकली, किंवा मूल दर आठवड्याला बदलत राहिले, तर तेवढ्याच तासांचा हिशेब तोट्यात जाऊ शकेल, असे माझे मत आहे. रुग्णालयांत, आपत्तीच्या ठिकाणी किंवा मदतवाहिन्यांवर काम करणाऱ्या आपल्याकडच्या स्वयंसेवकांच्या बाबतीत हा मुद्दा अधिकच तीव्रतेने लागू पडतो. तेथे वेदना दिसते, पण पुढे काय झाले हे क्वचितच कळते.

मग तास किती?

२०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या, पन्नाशीपुढच्या १२,९९८ अमेरिकन व्यक्तींच्या मागोव्यात असे दिसले की वर्षाला किमान १०० तास, म्हणजे आठवड्याला साधारण दोन तास, स्वयंसेवा करणाऱ्यांमध्ये पुढील चार वर्षांत आशावाद आणि आयुष्याला हेतू असल्याची जाणीव अधिक, तर निराशा आणि एकाकीपणा कमी होता. ऑस्ट्रेलियात चौसष्ट ते अडुसष्ट वयोगटातील दोन हजारांहून अधिक लोकांच्या अभ्यासात टिम विंडसर आणि सहकाऱ्यांना २००८ मध्ये वरची मर्यादाही आढळली होती. वर्षाला १०० ते ८०० तास देणाऱ्यांचे मानसिक स्वास्थ्य काहीच न करणाऱ्यांपेक्षा आणि ८०० तासांच्या वर जाणाऱ्यांपेक्षा चांगले होते. आठशेच्या पुढे लाभ उतरणीला लागतो.

आता बाल्टिमोरचा हिशेब मांडून पाहू. मेरिलँडमध्ये शालेय वर्ष १८० दिवसांचे, म्हणजे ३६ आठवड्यांचे असते. आठवड्याला १५ तास धरले तर वर्षाचे ५४० तास होतात. हा आकडा ऑस्ट्रेलियातील पट्ट्याच्या बरोबर आत, मध्याच्या थोडा वर पडतो. हेच १५ तास सुट्टीशिवाय वर्षभर चालवले असते तर ७८० झाले असते आणि मर्यादेला जवळजवळ टेकले असते. उन्हाळ्याची सुट्टी, जी वरवर पाहता कामातला खंड वाटते, ती या हिशेबात स्वयंसेवकाला सावरणारी आहे. दोन देशांतील, वेगवेगळ्या पद्धतींच्या अभ्यासांची ही जुळणी पुरावा म्हणून नव्हे, तर विचाराला दिशा म्हणून घ्यावी. तरीही एक गोष्ट तीतून पुढे येते : भरपूर तास हानिकारक नाहीत, त्यांना विश्रांतीची जोड नसणे हानिकारक आहे.

तासांइतकाच प्रश्न कोण ते देऊ शकते याचा आहे. या चाचणीत बहुसंख्य स्त्रिया होत्या आणि सगळ्यांनी आपणहून नाव दिले होते. ज्याला शाळेतली मुले मुळीच नकोशी वाटतात त्याला बळेच तेथे बसवले तर हेच निष्कर्ष मिळतील असे नाही. प्रकृतीची अट मात्र वाटते तेवढी कडक असायला नको, असे या प्रकरणातून दिसते. बाल्टिमोरमधीलच १७४ स्वयंसेवकांच्या आणखी एका अभ्यासात स्वतःची प्रकृती जेमतेम असल्याचे सांगणाऱ्यांचाही विचार केला गेला. एवढे तास त्यांना झेपणार नाहीत, अशी शंका घेणे सोपे होते. प्रत्यक्षात जिना चढण्याच्या वेगातली सुधारणा त्यांच्यातच अधिक दिसली. ज्यांना दारातूनच परत पाठवण्याचा मोह होतो, त्यांनाच या कामाची गरज अधिक असू शकते.

हा नमुना पुण्यात, नाशकात किंवा पणजीत आणू पाहणाऱ्याला एक गोष्ट आधी मोजावी लागेल. बाल्टिमोरच्या चाचणीत १५ तास देता येतील एवढा मोकळा वेळ असलेले लोकच आले. आपल्याकडे साठीतल्या किती तरी आजीआजोबांचे दिवसाचे आठ-दहा तास नातवंडांना सांभाळण्यात, त्यांना शाळेच्या बसपर्यंत सोडण्या-आणण्यात आणि घरातल्या आजारी माणसाच्या शुश्रूषेत जातात, आणि त्या तासांना कोणी स्वयंसेवा म्हणत नाही. अशा आजीला आणखी १५ तास मागितले तर ती नाही म्हणणार नाही, पण विंडसर यांनी दाखवलेली वरची मर्यादा तिने कदाचित आधीच ओलांडलेली असेल. तिच्यासाठी आठवड्याचे दोनच तास, तेही घराबाहेर, तिच्या वयाच्या चारचौघींसोबत आणि येण्याजाण्याचा खर्च देऊन, ही अधिक योग्य मात्रा ठरेल. उलट एकट्या राहणाऱ्या, मुले परगावी असलेल्या निवृत्त शिक्षकाला दोन तास पुरणार नाहीत. त्याच्याकडे पंधरा तासच मागावेत. म्हणून नोंदणीच्या अर्जात ‘आपण किती वेळ देऊ शकता’ या रकान्याच्या आधी ‘आज आपला वेळ कोणाकोणाला जातो’ हा रकाना असावा, आणि तासांचा आकडा दोन्ही उत्तरे समोर ठेवून, त्या व्यक्तीशी बोलून ठरवावा.